साडेतीन लिटरचं गॅस्केट

गेलो होतो गॅस्केट आणायला.
कुमुदने जुनं गॅस्केट पिशवीत घालून दिलं होतं, मापासाठी,
वर बजावलं होतं :
साडेतीन लिटर. पाचचं घेऊन येशील.

मंगळबाजारात शिरलं की माणूस स्वतःचा राहत नाही
असं ती म्हणते, पण ते तिचं.
मी आपला दुकानांच्या कडेकडेने,
कुणाच्या नजरेला नजर न देता चालणारा.
लहेरीपुरा दरवाजाच्या अलीकडे
हकीमुद्दीनभाईंच्या काचेत ते पालथं ठेवलेलं होतं.
पाठीलाही काच,
आणि आत, अडकित्त्याने अर्धी केलेली सुपारी असावी
तसं एक वजन,
घड्याळ कलतं केलं की घरंगळत जाणारं.

'सेल कुठे घालायचा?'
'सेल नथी, साहेब.'
नाडी बघावी तसं त्यांनी माझं मनगट धरलं.
'तमे ज सेल.'

खंडेराव मार्केटच्या माडीवर
पाणीपट्टीच्या खात्यात सत्तावीस वर्षं,
पण माझ्यावर काही चालेल
असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं.
बावीसशे.
भाव न करता दिले.
आमच्या घराण्यात हे पहिल्यांदाच झालं असावं.

घरी कुमुद म्हणाली, 'आणलंस?'
मी मनगट पुढे केलं.
ती बराच वेळ बघत राहिली.
'हे कुकरला बसेल?'

मग हळूहळू लक्षात आलं
की माझा डावा हात काहीच करत नाही.
नळजोडाच्या अर्जावर सही उजव्याने,
शिक्का उजव्याने, चहा उजव्याने,
डावा नुसता टेबलावर,
कागद उडू नयेत म्हणून ठेवलेला.
मी त्याला कामं नेमून दिली.
फाइली त्याने उचलायच्या. साखर त्याने ढवळायची.
परीखबेननी दोन दिवस पाहिलं,
तिसऱ्या दिवशी हळूच विचारलं,
टेंबेभाई, उजव्याला काय झालं?

पुढे दुसरा शनिवार आला, आणि त्याला लागून रविवार.
शुक्रवारी आल्या आल्या घड्याळ काढून टीव्हीवर ठेवलं.
दोन दिवस ते तिथे, मी इथे झोपाळ्यावर.

कुमुदचं सगळं घड्याळ शिट्ट्यांचं.
तीन शिट्ट्या म्हणजे वरण, पाच म्हणजे छोले.
आता डाळ उघड्या पातेल्यात,
ती बिचारी शिजताना काही बोलत नाही.
'किती वाजले रे?' आतून.
'अकरा दहा.'
थोड्या वेळाने, 'आता?'
'अकरा दहा.'
पळी खाली ठेवल्याचा आवाज.
'मगाशीसुद्धा अकरा दहाच होते.'
तोवर करपल्याचा वास बाहेरच्या खोलीत पोचला होता.

हात नाही हलला तर चाळीस तास चालतं.
मी उलटं मोजत गेलो. शुक्रवार, संध्याकाळचे सात दहा.
जिना चढून आलो होतो.
त्यानंतर या पृथ्वीवर
माझ्यामुळे काही हललं असेल
तर तो टीव्हीचा आवाज, वरखाली.

ती पदराला हात पुसत आली.
ओरडली नाही. टीव्हीवरचं घड्याळ उचललं,
झोपाळ्याच्या कडीला पट्टा गुंडाळून बांधलं.
'सरक,' म्हणाली, बसली,
आणि फरशीला पायाने एक रेटा दिला.

कडी करकरली.
आत ती अर्धी सुपारी
इकडून तिकडे जायला लागली असावी.
अकरा अकरा.
अकरा बारा.
खरे किती वाजले होते कोण जाणे.
दोघांपैकी कुणीच उठून भिंतीवर बघितलं नाही.

'उद्या,' ती म्हणाली, 'साडेतीन लिटर.'
'हो. पण माप...'
'माप काय?'
'जुनं गॅस्केट हकीमुद्दीनभाईंच्या काउंटरवर राहिलं.'

तिने पाय उचलून घेतले.
झोपाळा थोडा वेळ आपला आपणच चालला.