जागा क्रमांक एकशे सात

फाटकावरच्या मुलीनं पावती दिली:
तीन रात्री, एक तंबू, माणसं चार.
चौथं माणूस तोवर झोपलंही होतं,
खिडकीच्या काचेला गाल टेकून,
बुटांच्या नाड्यासुद्धा न सोडता.

टायरच्या कारखान्यातली रात्रपाळी सकाळी सातला सुटायची.
आई गाडी घेऊन बाहेरच थांबलेली,
आणि आठला आम्ही ग्रँड नदीच्या रस्त्याला.

तंबू आई आणि नेलियोनं उभारला. मी खुंट्या मोजल्या.
दोन कमी. दरवर्षी दोनच कमी असायच्या,
कितीही नव्या आणल्या तरी.
मग पपांना दंडाला धरून आत नेलं,
पाहुण्याला त्याची खोली दाखवावी तसं.

संवर्धन क्षेत्राच्या पाटीवर लिहिलं होतं:
रात्री अकरा ते सकाळी सात शांतता राखा.
आमचं सगळं उलटं.
आम्ही दिवसभर कुजबुजायचो.
कूलरचं झाकण हळू. चमचा ताटलीला लागता कामा नये.
नेलियोला मधमाशी चावली, तर तो
आधी तळ्यापर्यंत धावला आणि मग ओरडला.

एकशे आठवरच्या हूक्स्ट्राबाई
बेताबेतानं विचारत आल्या, "आजारी आहेत का?"
"छे," आई म्हणाली, "सुट्टीवर आहेत."

दुपारी तळ्यावर काळी ट्यूब,
तिच्यावर पपांच्या कारखान्याचा शिक्का.
मी आणि नेलियो आळीपाळीनं बसलो.
त्यांच्या कुठल्यातरी रात्रीवर आम्ही बसलोय
आणि ती बुडत नाहीये,
हे मला तेव्हा सुचलं नव्हतं. आत्ता लिहिताना सुचलं.

शनिवारी रात्री जाग आली. पपांची पिशवी सपाट, थंड.
बाहेर आले तर सीडरच्या फांदीला आरसा टांगलेला,
आणि पपा दाढी करत होते.
टॉर्च दातांत धरलेला. रात्रीचे दोन.
असे ताजेतवाने मी त्यांना कधी पाहिलेच नव्हते.
घरी पाहिलेले ते नेहमी एकतर जाणारे, नाहीतर आलेले.

"बस," ते म्हणाले, "जेवणाची सुट्टी आहे."
छोट्या शेगडीवर लिंग्विसा तडतडली, वर दोन अंडी,
पाव हातानं तोडलेला.
लाकडी टेबलाखालून एक रॅकून आला,
पुढचे पंजे एकमेकांवर घासत.
"हाही आमच्याच पाळीचा," पपा म्हणाले, आणि त्याला कड दिली.

पाण्यापलीकडे धरणाचा एकच पिवळा दिवा.
तिथे कुणीतरी बसलेलं असणार, पाणी मोजत.
बेटावर असताना, ते सांगू लागले,
त्यांचे वडील होडीतून असाच कंदील हलवायचे,
किनाऱ्यावर कुणी असो, नसो.
मग त्यांनी टॉर्च दोनदा उघडमीट केला.
पलीकडचा दिवा लुकलुकला.
किंवा मधे एखादं पाखरू आलं असेल.
आम्ही त्यावर बोललो नाही.

उजाडताना त्यांनी तवा वाळूनं घासला,
मला "शुभ रात्री" म्हणाले, आणि आत गेले.
मीही गेले. दुपारी तंबूच्या कापडातून
आईचा दबलेला आवाज आला, एकशे आठच्या दिशेनं:
"आता दोघं सुट्टीवर आहेत."

कारखाना बंद पडला त्यालाही बरीच वर्षं झाली.
रक्त तपासायच्या यंत्रांपाशी आता मी जागते,
आठवड्यातून चार रात्री.
दोनच्या सुमारास खिशात फोन थरथरतो.
"झुल्मिरा, जेवलीस?"
"बसतेय, पपा."
तिकडे काहीतरी तडतडत असतं.
एवढ्या रात्री काय तळताय, म्हणून मी ओरडते,
आणि मग दोघंही थोडा वेळ
फोन कानाला लावून नुसते चावत राहतो.