शेरा

पाणी ओसरल्यावर आठव्या दिवशी
भाऊसाहेब आले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून,
आणि बिराजदारांच्या रानाचा फोटो काढला.
फोटोखाली अक्षांश, रेखांश, वेळ अकरा बेचाळीस.
फोटोत रान नाही.
नुसता मुरूम, मोटारीचा वाकलेला पाईप
आणि भाऊसाहेबांची सावली.
रकान्यात लिहिलं : जमीन खरडून गेली.

मग दोन बांध ओलांडून, सीनेच्या खालच्या अंगाला,
इरण्णा कोरेच्या उसाचा फोटो.
ऊस आडवा, त्यावर कंबरभर काळी माती.
रकान्यात लिहिलं : गाळ साचला.

दोन्ही याद्या माझ्या सेंटरवर आल्या.
खळ संपली होती,
दारावर भाताच्या शितांनी चिकटवल्या, शेजारी शेजारी.
माती एकच.
वरून गेली म्हणून मदत,
खाली आली म्हणून मदत.
सरकार चुकलं असं मी म्हणत नाही.
मातीनं पत्ता बदलला, इतकंच.
आणि पत्ता बदलला की नवा अर्ज लागतो,
हे आम्हा सेंटरवाल्यांना झोपेतही पाठ.

बिराजदारांचं खातं सामाईक.
चार नावं. दोन वारली.
एक काशिनाथ.
एक शरणव्वा, दिली सोलापुरात, विडी घरकुलला.
अकरा वर्षं बोलणं नाही;
कशावरून, ते दोघं वेगवेगळं सांगतात.
पण संमतीपत्रावर दोघांची सही हवी,
आणि मशीनवर अंगठा.

ती सकाळच्या एसटीनं आली.
बाकावर बसली भावाकडे पाठ करून,
पिशवी मांडीवर, पिशवीत आधार, पासबुक, कात्री.
काशिनाथ मला म्हणाला, मॅडम, तीन चहा सांगा.
तीन म्हणाला. मी मोजलं.

उजवा अंगठा ठेवला. लाल.
पदराला पुसला. लाल.
तीस वर्षं रोज हजार विड्या,
तेंदूच्या पानानं बोटावरच्या रेषा
कधीच गुंडाळून नेल्या.
स्क्रीन म्हणते, बोट स्वच्छ करा.
तिनं बोटाकडे बघितलं,
स्वच्छच होतं ते, पाटीसारखं.

तेव्हा काशिनाथ भिंतीवरच्या कॅलेंडरला म्हणाला,
"डावा बगा मॅडम.
डावा ल्हानपनी जात्याखाली घावला हुता,
त्यो अंगटा ती राबवत न्हाई."

डावा ठेवला.
हिरवा.

छपाई चालू असताना तिनं विचारलं,
मला की त्याला, कळलं नाही :
"पैसं आलं. आन माती?"
"इरण्णाच्या उसात हाय."
"मग आना की."
"तिला आता गाळ म्हनत्यात," तो म्हणाला,
"तसं लिवून गेलंय वर."

शेऱ्याचा रकाना रिकामा ठेवता येत नाही,
सिस्टीम पुढं सरकत नाही.
मी बराच वेळ कर्सर लुकलुकू दिला.
मग लिहिलं : निरंक.

पावती घेऊन दोघं बाहेर पडले,
स्टँडकडे नाही, नदीच्या वाटेनं,
ती पुढं, तो दहा पावलं मागं, पिशवी त्याच्या हातात.

चहा तेव्हा आला.
एक मी प्यायले.
दोन बशीनं झाकून ठेवले,
साडेचारच्या गाडीपर्यंत.