वेंगुर्ल्याच्या विहीणबाई

विहीणबाई पहिल्यांदाच आल्या सोलापुरात.
सकाळी सातला रिक्षा ठरवली अंबादास यन्नमची,
देव, दर्गा, बाजार, सगळं मिळून साडेचारशे.

सिद्धेश्वराच्या तळ्यापाशी त्या वाकल्या,
बोट बुडवून जिभेला लावलं.
अहो, घाण असतंय ते! मी म्हणेपर्यंत
"गोडं," म्हणाल्या, जरा हिरमुसून.
मग देवाकडं वळल्या.

मार्कंडेयाच्या देवळात पुजारी तेलुगूत बोलला,
ह्यांनी मालवणीत उत्तर दिलं.
प्रसाद बरोबर मिळाला.

दर्ग्यात मोरपिसांचा कुंचा फिरवणाऱ्या म्हाताऱ्याला विचारलं,
"दर्यावर गेलेल्यांसाठी वेगळी दुवा असता काय?"
तो हसला नाही.
"इकडं पाण्याचंच वांधं," म्हणाला,
"पण मागून बघतो."

मंगळवार बाजारात सुकट हुंगून
बाईला सरळ सांगितलं, ही गेल्या सालची.
शेंगाचटणी मात्र दोन किलो घेतली
आणि चादरीच्या दुकानात तासभर बसल्या.
निळी नको, पाण्यात दिसत नाही.
लाल काढा. जाड काढा.
"कुणाला?" दुकानदारानं विचारलं.
"ह्यांना. रात्री होडीवर वारो लागता."

लेकीच्या लग्नपत्रिकेत
व्याह्यांच्या नावाआधी 'कै.'
त्यांनी छापू दिलं नव्हतं.
आम्हाला तेव्हा चूक वाटली होती छापखान्याची.

दुकानदारानं घडी घातली, सुतळी बांधली.
बाहेर ऊन बेचाळीस.
चादर मांडीवर घेऊन त्या रिक्षात बसल्या.
अंबादास म्हणाला, "आता कुठं, अक्का?"
रूपाभवानी राहिली होती.