शिंदीचं बेट

अंदमानच्या माहितीपत्रकावर शमीमनं
वॉर्डातल्या औषधांचा हिशेब मांडला होता:
निळ्या समुद्रावर सलाईनच्या बाटल्या, छत्तीस,
नारळाच्या बुंध्याशी कापसाचे गठ्ठे.
दोघींचे मिळून नव्वद हजार सांगितले परभणीच्या पोरानं.
त्यापेक्षा आपली येलदरी बरी, शमीम म्हणाली.
जिंतूरपर्यंत यष्टी, पुढं काळी-पिवळी,
शेवटी मुंजाभाऊची होडी.

अकरा वर्षांनी आलो.
होडी तीच, डांबर नवं.
वल्ह्यावर आता त्याची सून, कावेरी.
तो नुसता समोर बसून दिशा सांगतो,
जशी काही तिला ठाऊक नाही.
"मागल्या बारीला बेट लहान होतं," मी म्हटलं.
"बेट तेवढंच हाय, बाई. पाणी उतरलंय."
शमीम पोटावर हात ठेवून म्हणाली,
आमचं मात्र चढलंय.

समुद्र नाही. लाटा म्हणाव्यात तर
म्हशीच्या पाठीवर माशी बसल्यावर
कातडी हलते, तेवढ्याच.
वाळू नाही, काळा गाळ, वर बेशरमीची जांभळी फुलं.
नारळ नाही. एकच शिंदी,
वाकडी, मधेच खाच पाडून कुणी सोडून दिलेली,
पण संध्याकाळी ती पाण्यावर काळी उमटली की
माहितीपत्रकातल्या चित्राहून काही कमी नाही.
(हे शमीमचं मत. मला ती उभी केलेली खराट्याची काडी दिसते.)

पहिल्या रात्री दोनला जाग आली.
तीन नंबरच्या खाटेचा ताप बघायचा राहिला!
हात उशाशी पेन चाचपत होता.
चांदणं पडलेलं. शमीमही उठून बसलेली.
कुणीच कण्हत नव्हतं.
लांब चक्रवाकांची जोडी तेवढी
एकमेकांना हाका घालत होती,
ड्यूटी बदलताना आम्ही घालतो तशा.
"लडाखकडून येतात म्हणे, दरसाल."
"पगारी रजा असंल."

दुसऱ्या दिवशी काही केलं नाही.
हे वाक्य मला परत लिहायचं आहे:
दुसऱ्या दिवशी काही केलं नाही.
धपाटे होते, दही होतं,
करडीच्या तेलात तळलेली मरळ होती.
पाय पाण्यात. पोटऱ्यांवरच्या निळ्या गाठी
पाण्यात हिरव्या दिसतात,
आणि बारीक मासे येऊन
टाचेच्या भेगा चाखून जातात.
दुपार इतकी लांब असते
हे शाळा सुटल्यापासून मी विसरले होते.

तेवढ्यात मुंजाभाऊनं हात पुढं केला,
"बीपी बगता का जरा?"
मशीन आणलंच नाही, शमीम म्हणाली.
आणलं होतं. टॉवेलात गुंडाळून, पिशवीच्या तळाशी.
तो गेल्यावर ते दोघींनाही टोचत राहिलं,
मग दिवेलागणीला आम्हीच त्याच्या चुलीपाशी गेलो.
एकशे पन्नास, नव्वद. मीठ कमी करा.
खारवलेल्या माशांच्या पाट्यांकडं बघून तो नुसता हसला.

मागल्या खेपेला शिंदीखाली आम्ही
स्टीलचा पेला पुरला होता, कशासाठी आठवत नाही.
तळाशी शमीमच्या सासूचं नाव टोचलेलं.
तिसऱ्या दिवशी उलथन्यानं उकरून पाहिलं.
मुळं. शिंपल्या.
पाण्याखाली गेलेल्या कुठल्या घरातली
जात्याची अर्धी तळी.
पेला नाही.
शमीम मातीचे हात तसेच घेऊन आडवी झाली.
"अम्मीला मी सांगितलं होतं, दवाखान्यात चोरीला गेला.
दर ईदीला विचारायची, सापडला का गं."
थोड्या वेळानं म्हणाली,
"यंदा कुणी विचारलं नाही."
मग तिला झोप लागली.
मी तिच्या तोंडावर ओढणी टाकली, माश्या होत्या.

होडीत बसताना भांडी मोजली. एक कमी.
"वळवू का?" कावेरी म्हणाली.
शमीम आमच्याकडं पाठ करून पक्षी बघत होती.
आयुष्यात तिनं कधी पक्षी बघितलेला नाही.
राहू दे, मी म्हटलं, चल तू.
जिंतूरची शेवटची यष्टी साडेपाचला आहे.