बोटभर खाली

बाबा प्रॉम्प्टर होते,
म्हणजे पोस्टरवर त्यांचं नाव कधीच नव्हतं.
धान कापून झालं की वडशाहून निरोप यायचा,
रोज वेगळं गाव, वेगळा मंडप.
नायिका नागपूरची, सहाला जीपमधून उतरायची,
नाटकाचं नावही तिला मेकअप करतानाच कळायचं.
पहाटे चारपर्यंत ती रडायची, शाप द्यायची, मरायची
बाबांच्या तोंडचं ऐकून.

त्यांच्या डाव्या डोळ्यात पडदा उतरला तेव्हा
मी नऊ वर्षांची.
बॅटरी धरायला मला नेऊ लागले.
"झोपली त राजा मुका होते. ध्यान ठेव."
शिकवणी तेवढीच:
उजेड ओळीच्या बोटभर खाली,
पान उलटायच्या आधी पुढच्या पानावर.
बाकीचं आपोआप येत गेलं.
कोण श्वास घेऊन विसरतो, कोण सोडून;
खलनायकाला अख्खं वाक्य लागतं,
विनोदी नटाला पहिलं अक्षर,
आणि म्हातारीचं काम करणाऱ्या डोमाजीला
बाबांचे ओठ उघडलेले दिसले तरी पुरे.

कित्येक वर्षं मी नाटक समोरून पाहिलंच नाही.
माझ्यासाठी नाटक म्हणजे पाठी.
घामानं भिजलेली मखमल, सेफ्टीपिना,
सिंहासनाच्या मागच्या बाजूला
पांढऱ्या रंगात 'ग्रामपंचायत'.

बारावीत नापास झाले आणि
चामोर्शीकडे मावशीकडे राहायला गेले.
तिथे बंगाली कॅम्पात निरंजन मंडल,
सायकलींचे पंक्चर काढणारे. सगळे मास्तर म्हणायचे,
शाळेत कधी शिकवलं नव्हतं.
त्यांचा मेहुणा कोलकात्याहून झेरॉक्स पाठवायचा,
परदेशी नाटकवाल्यांचे फोटो,
इतके काळे की माणूस कुठला, भिंत कुठली, कळू नये.
त्या डागांवरून आम्ही शिकलो.
वर्षभर एक हात जमिनीला, पाय आकाशाकडे,
घाम नाकात जाईपर्यंत.
पुढे एकदा चांगली प्रत आली.
तो माणूस नुसता उभा होता,
फोटो उलटा पडला होता मशीनवर.
मास्तर खूप हसले, मग म्हणाले,
असू दे, आता हे आपलं.

पडदा काढ, म्हणाले. काढला.
माईक काढ. ऑर्गन काढ. मग शब्दच काढ.
"आता की राहिलं?"
मी म्हटलं, बॅटरी.
"ती पण विझव."
त्या रात्री मला झोप नव्हती.
अंधारात मी कुणाला काय सांगणार होते?

पहिला प्रयोग आमच्याच गावात, खळ्यावर,
तणशीच्या ढिगाला पाठ लावून.
पाच जण, एकही वाक्य नाही.
"डान्स कवा हाये?" एकानं विचारलं,
थोड्या वेळानं दुसऱ्यानं.
बाबा पुढे, पोत्यावर बसलेले.
आता दोन्ही डोळे गेलेले.

मध्येच मी थांबायचं होतं.
जितकं थांबवेल तितकं, मग पुन्हा तितकंच.
थांबले.
बोडीतले बेडूक ऐकू आले.
कुणीतरी खोकायचं राहून गेलं.
आणि मग तो आवाज,
जो पहिल्या रांगेलाही कधी पोचला नव्हता:
"दार उघडा... बाहेर कोणीतरी आलं आहे..."

दार कुठे होतं?
मी वळले, ते चौघेही वळले.
मग अख्खं खळं वळलं बोडीच्या बाजूला,
डान्सवाला तर उभाच राहिला.
तिकडे काहीही नव्हतं.
पुष्कळ वेळ आम्ही सगळ्यांनी ते पाहिलं.

घरी जाताना बांधावर त्यांचा हात धरला होता.
"काहून थांबली होती? कोनता वाक्य इसरली?"
"सगळेच."
"मंग बरा झाला, मी होतो."
बॅटरी माझ्या दुसऱ्या हातात, त्यांच्या पायांपुढे.
त्यांना ती दिसत नव्हती.
दहा पावलं गेलो असू,
म्हणाले,
"जरा खाली धर."