लोकसंख्या शून्य

मालाडच्या तिसऱ्या मजल्यावर, रात्री पावणेतीनला,
मी अमेरिकेतली एक काउंटी टाईप करतेय.
उत्तरेला नदी, वर्षातले सात महिने कोरडी.
पश्चिमेला कुंपण, त्यापलीकडे नकाशा नुसता पिवळा.
माणसं चारशे अकरा. गुरं मोजलेली नाहीत.

चारशे अकरा!
आमच्या बी विंगचं पाणी गेलं की
जिन्यात याहून जास्त जमतात,
आणि त्या सगळ्यांना एकट्या पेडणेकर काकू पुऱ्या पडतात.

ओळ सत्तावीस. गाव: हॅरोज बेंड.
स्थापना: रेल्वे येणार म्हणून.
रेल्वे आली नाही.
दुकान जळालं, पोस्ट बंद,
शेवटची रहिवासी कुणी ॲडा पर्किन्स,
विहिरीला कुलूप लावून गेली.
लोकसंख्या शून्य.
तरी गावाला अक्षांश आहे, रेखांश आहे,
ओळ आहे.

खाडीकाठी आमचं संजीवन नगर होतं.
दोनशे साठ घरं, एक नळ,
भरतीला उंबऱ्यात खेकडे.
बुलडोझर आला तेव्हा आई
पत्र्याच्या पेटीत रेशनकार्ड शोधत होती.
ते कुठल्या ओळीत टाकू?

शेऱ्याच्या चौकटीत कर्सर लुकलुकतो.
सुपरवायझर तावडे चहाला गेलाय.
लिहिते: विहिरीचं पाणी गोड होतं.

कुणास ठाऊक. असेल.