गाठ

मिरजेची पोरं थांबतच नाहीत.
बॉल बाहेर गेला की लगेच आत,
आम्ही अजून मोजतोय, कोण कुठं.

नरसय्या गड्डम तेवढा गडबडत नाही.
रात्रपाळीला चार माग एकटा बघतो तो;
तार तुटली की आधी कान वळतो, मग मान.

सिद्राम पुढं सुटला की नरसय्या डावीकडं,
नरसय्या सरकला की मुस्तफा मधे.
कुठलीच जागा कुणाच्या नावाची नाही.
शब्द एकच ठरलेला : गाठ.
ऐकला की जो जवळ, तो धावतो.

रेल्वे मैदानाची माती तव्यासारखी.
सत्तराव्या मिनिटाला
त्यांचा कप्तान पहिल्यांदाच
गुडघ्यांवर हात ठेवून वाकला.

तेवढ्यात नरसय्यानं
सुटलेली नाडी बांधून घेतली.